न पेटलेल्या ज्वाळेचं रीडिंग

रात्रीचा रनवे. सुखोई धावत सुटतं आणि मागच्या दोन्ही नळकांड्यांतून लांबलचक केशरी-निळी ज्वाळा बाहेर पडते. असं एकही रील तुमच्या फीडवर आलं नसेल, तर तुमचा अल्गोरिदम फारच सज्जन म्हणायचा. पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना तर रीलचीही गरज नाही, खिडकीच्या काचाच सांगतात. खाली कमेंट्स ठरलेल्या असतात. ‘आग लावली भाई’, ‘अंगावर काटा’, आणि चौथी-पाचवी हमखास, ‘आपलं स्वतःचं इंजिन कधी?’

शेकडो कमेंट्समध्ये एक प्रश्न मात्र सापडत नाही. ती ज्वाळा पेटते कशी?

मी इंजिनिअर नाही, मास कॉमवाली आहे. पण या विषयावर वाचायला बसले आणि माझं एक मत पक्कं झालं. ‘आपलं इंजिन कधी’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ‘ज्वाळा पेटते कशी’ या प्रश्नात दडलंय. आणि हसू नका, पण त्याचा संबंध तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलशी आहे. कसा, ते सांगते. त्यासाठी आधी थोडं इंजिनच्या आत शिरावं लागेल.

वाऱ्यात काडी

जेट इंजिनचं काम चार पायऱ्यांचं. पुढून हवा आत घ्या, कॉम्प्रेसरनं ती दाबा, इंधन टाकून पेटवा आणि तापलेला वायू टर्बाइन फिरवून मागून जोरात बाहेर सोडा. यात एक गंमत आहे. आत आलेल्या हवेतला सगळा ऑक्सिजन मुख्य चेंबरमध्ये जाळतच नाहीत. तसं केलं तर तापमान इतकं चढेल की पुढची टर्बाइनची पाती टिकायची नाहीत. त्यामुळे ऑक्सिजनचा मोठा हिस्सा न वापरताच मागे निघून जातो.

मग कुणीतरी विचार केला, हा उरलेला ऑक्सिजन वाया का घालवायचा? टर्बाइनच्या मागे एक लांब नळकांडं जोडू, तिथे पुन्हा इंधन फवारू आणि पुन्हा पेटवू. तिथे फिरणारी पाती नाहीत, त्यामुळे तापमान १,७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं तरी निभावतं. हाच आफ्टरबर्नर. ब्रिटिश त्याला रीहीट म्हणतात. आपल्या तेजसमधलं एफ-४०४ इंजिन आफ्टरबर्नरशिवाय साधारण ५४ किलोन्यूटन जोर देतं, आफ्टरबर्नर लावला की सुमारे ८४. वजनात फारशी भर न घालता दीडपट ताकद! इंधन मात्र पाण्यासारखं जातं, म्हणून तो टेकऑफला, वेग पकडताना किंवा लढाईत, तेवढ्यापुरताच वापरतात. प्रवासी विमान असूनही काँकॉर्डला तो होता. टेकऑफला आणि ध्वनीचा वेग ओलांडताना तो पेटवायचे, मग बंद करायचे.

आता तुम्ही म्हणाल, इंधन आहे, ऑक्सिजन आहे, वायू आधीच तापलेला आहे. मग पेटवायला अवघड काय?

अवघड आहे तो वारा. टर्बाइनमधून निघणारा वायू सेकंदाला २०० ते ३५० मीटर वेगानं धावत असतो. ३०० मीटर म्हणजे ताशी १,०८० किलोमीटर. आणि विमानाचं इंधन हे आपल्या रॉकेलचंच शुद्ध भावंड. त्याची ज्योत साध्या मिश्रणात सेकंदाला फार तर काही मीटर पुढे सरकते. म्हणजे ज्योतीचा वेग रांगणाऱ्या बाळाचा आणि समोरून येणारी एक्स्प्रेस. पेटल्या क्षणी ती नॉझलमधून बाहेर फेकली जाणार.

वादळात काडी पेटवताना आपण काय करतो? ओंजळीचा आडोसा करतो. इंजिनिअरही तेच करतात. आधी नळकांडं थोडं रुंद करून वायूचा वेग कमी करतात. मग प्रवाहाच्या मध्ये इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या पन्हळी बसवतात, टोक वाऱ्याकडे आणि पोकळी मागे. यांना फ्लेमहोल्डर म्हणतात. नदीत मोठ्या दगडामागे पाणी गोल फिरत राहतं ना, तसा या पन्हळीमागे वायू भोवऱ्यासारखा फिरतो. त्या भोवऱ्यात ज्योत तग धरते आणि शेजारून पळणाऱ्या ताज्या मिश्रणाला पेटवत राहते. एवढी मोठी ज्वाळा त्या इवल्याशा आडोशावर उभी असते.

पण त्या आडोशात पहिली ठिणगी पडायची कशी? इथे हवा आणि इंधन नेमकं कसं पोहोचवायचं हा खरा खेळ सुरू होतो. इंधनाचे थेंब बारीक व्हायला हवेत, त्यांची वाफ व्हायला हवी, ती हवेत योग्य प्रमाणात मिसळायला हवी. आणि हे सगळं वायू तिथून निघून जायच्या आत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. वायू तापलेला असला तरी ‘उष्टा’ असतो, त्यातला काही ऑक्सिजन आधीच खर्च झालेला असतो. म्हणून काही रचनांमध्ये ठिणगीजवळच्या छोट्या पायलट ज्योतीसाठी कॉम्प्रेसरकडून ताजी हवा वेगळी आणतात. टर्बोफॅन इंजिनात बाजूनं आलेली थंड हवाही याच नळकांड्यात येते आणि त्या थंड हवेत इंधनाची वाफ नीट होत नाही. शिवाय विमान जितकं उंच, तितका हवेचा दाब कमी आणि ज्योत तितकी नाजूक.

यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे जुगाड केले. कुणी स्पार्क प्लगनं पायलट ज्योत पेटवली. कुणी प्लॅटिनमच्या गटाचा धातू वापरला, ज्याच्या नुसत्या स्पर्शानं इंधन-हवेचं मिश्रण पेटतं. कुणी तर मुख्य चेंबरमध्येच क्षणभर जास्तीचं इंधन सोडलं, म्हणजे आगीची एक जीभ टर्बाइन ओलांडून मागे येते आणि आफ्टरबर्नर पेटवते. याला ‘हॉट शॉट’ म्हणतात. अमेरिकेच्या एसआर-७१ या हेरविमानाचं इंधन मुद्दाम सहज पेटू नये असं बनवलेलं होतं. म्हणून त्यात ट्रायइथाइलबोरेन नावाचं रसायन टोचायचे, जे हवा लागताच आपोआप पेटतं. हिरवा झगमगाट व्हायचा आणि काम फत्ते. पण प्रत्येक इंजिनला हे डोस मोजकेच मिळायचे, साधारण १६. म्हणजे पायलटला काड्या मोजून वापराव्या लागायच्या!

लायटर उशिरा लागला तर?

घरात गॅसचं बटण फिरवलंय आणि लायटर लागत नाहीये. एकदा, दोनदा, तीनदा खट्‌खट्. चौथ्यांदा लागतो तेव्हा काय होतं? भपकन भडका. तुम्ही दचकून मागे सरता आणि आतून आईचा आवाज येतो.

आफ्टरबर्नरमध्येही हेच होतं, फक्त तिथे मागे सरायला जागा नसते. ठिणगी उशिरा पडली तर साचलेलं इंधन एकदम पेटतं. त्या धक्क्याची लाट बाजूच्या हवेच्या मार्गानं उलटी पुढे धावते आणि थेट फॅनवर आदळते. हवेचा प्रवाह बिघडतो, इंजिन गुदमरतं. हे काल्पनिक नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या नव्याकोऱ्या एफ-१५ विमानातल्या एफ-१०० इंजिनांनी हाच त्रास दिला होता. इंजिन बनवणारी कंपनी कोण? प्रॅट अँड व्हिटनी. अनुभव, पैसा, माणसं, कशाचीच कमी नव्हती. तरीही विमान हवाई दलात दाखल झाल्यावर हे भूत मानगुटीवर बसलं.

त्यांनी काय केलं? पायलट ज्योत खरंच पेटली आहे का, हे पाहायला आफ्टरबर्नरच्या बाजूला क्वार्ट्‌झची एक छोटी खिडकी बसवली आणि तिच्यातून डोकावणारा सेन्सर. ज्योत दिसली तरच पुढचं इंधन सोडायचं. आणि फॅनच्या मागे हवा दोन वाटांना विभागणारी कड फॅनच्या आणखी जवळ नेली, म्हणजे उलटी आलेली लाट विखुरली जाईल. एक खिडकी आणि एक सरकवलेली कड. ऐकायला किती साधं वाटतं! पण ती कड नेमकी कुठे सरकवायची, हे कुठल्याही पुस्तकात आधी लिहिलेलं नव्हतं. ते बिघडलेल्या इंजिनांनी शिकवलं.

माझा मुख्य मुद्दा इथून सुरू होतो. आफ्टरबर्नर कुठल्या उंचीवर आणि कुठल्या वेगाला पेटतो, याचा एक नकाशा असतो. एका अक्षावर वेग, दुसऱ्यावर उंची. पेटला तिथे एक खूण, नाही पेटला तिथे दुसरी. जास्त उंची आणि कमी वेग असलेला डावीकडचा वरचा कोपरा सगळ्यात खडूस, तिथे हवा विरळ आणि ज्योत रुसलेली. आता सांगा, या नकाशाची सीमारेषा काढायची कशी? फक्त ‘पेटला, पेटला, पेटला’ अशाच खुणा असतील तर रेषा काढताच येणार नाही. ‘नाही पेटला’ या खुणा हव्यातच. न पेटलेली ज्वाळा हे अपयश नाही, ते रीडिंग आहे.

आपल्याकडची गोष्ट

आता भारतात येऊया. आपली आफ्टरबर्नरची गोष्ट तेजसपासून सुरू होत नाही, तिची मुळं साठीच्या दशकात आहेत. जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूला एचएएलनं एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान बनवलं. १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं. ध्वनीपेक्षा वेगानं जायचं स्वप्न होतं, पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनवर भिस्त होती ते आलंच नाही. हाती उरलं आफ्टरबर्नर नसलेलं ऑर्फियस. मग बंगळुरूच्याच जीटीआरई या प्रयोगशाळेनं त्याला रीहीट जोडायचा प्रयत्न केला. १० जानेवारी १९७० ला रीहीटवाल्या मारुतच्या चाचणीत विमान कोसळलं आणि टेस्ट पायलट ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. तो अपघात आफ्टरबर्नरमुळेच झाला, असा याचा अर्थ नाही. पण ‘चाचणी’ या शब्दाची किंमत काय असते, ते यातून कळतं. बंगळुरूत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मारुतनं १९७१ च्या युद्धात चांगली कामगिरी केली, पण आफ्टरबर्नरविना.

नंतर आलं कावेरी. १९८९ मध्ये मंजुरी, सुमारे ३८३ कोटी रुपये, १९९६ च्या अखेरीस पूर्ण करायचं उद्दिष्ट. २००८ मध्ये तेजस आणि कावेरी यांची फारकत झाली. २०११ मध्ये कॅगनं ताशेरे ओढले. उंचावरच्या विरळ हवेतल्या चाचण्यांसाठी हे इंजिन रशियात न्यावं लागलं. नोव्हेंबर २०१० मध्ये ते उडालं तेही मॉस्कोजवळ, एका रशियन मालवाहू विमानाला लटकून. ज्या डाव्या वरच्या कोपऱ्याबद्दल मी बोलले, त्यातला एकेक बिंदू टिपण्यासाठी इंजिन खोक्यात भरून परदेशी पाठवायचं. तिथे तारखा मिळायची वाट पाहायची. काही बिघडलं तर पुन्हा परत. आता कावेरीचं जे रूप मानवरहित विमानासाठी पुढे नेलं जातंय, ते आफ्टरबर्नर नसलेलं आहे.

आणि आजचं चित्र? फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा करार झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या जीईकडे ९९ इंजिनांची ऑर्डर गेली. त्यातलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या नाशिकच्या ओझरमधून तेजस मार्क-१ए उडालं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ठेवायलाच हवेत. पण ओझरच्या कारखान्यातून विमान कधी बाहेर पडणार, हे मॅसॅच्युसेट्‌समधल्या लिन गावच्या कारखान्यातून इंजिन कधी निघतं यावर ठरतं. हेही तितकंच खरं.

मे २०२५ मध्ये ‘फंड कावेरी’ हा हॅशटॅग ट्रेंड झाला होता. पैसा हवाच, त्यावर वाद नाही. पण पैसा कशासाठी हवा? मला वाटतं, न पेटण्यासाठी. शंभर वेळा न पेटण्यासाठी, तेही आपल्याच देशात, आपल्याच चाचणी केंद्रात, आणि प्रत्येक वेळचं रीडिंग लिहून ठेवण्यासाठी.

‘एवढा आटापिटा कशाला, तंत्रज्ञान विकत घ्या ना,’ असं कुणी म्हणेल. युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. शून्यातून सुरुवात करण्यापेक्षा भागीदारी शहाणपणाची असू शकते. पण विकत मिळतं ते ड्रॉइंग. पन्हळीचा कोन अमुक, फवाऱ्याचं छिद्र तमुक. तो कोन तेवढाच का, दोन अंशांनी बदलला तर काय होतं, हे ड्रॉइंगवर नसतं. ते ज्यांनी चुकीचे कोन वापरून पाहिले त्यांच्या वहीत असतं. आणि ती वही कुणी विकत नाही.

दुसरा आक्षेप असा की आफ्टरबर्नर आता जुना झाला. अमेरिकेचं एफ-२२ त्याच्याशिवायही ध्वनीपेक्षा वेगानं उडतं. खरंय, पण त्या एफ-२२ लाही आफ्टरबर्नर आहेच. आणि ज्यांना लढाऊ विमानांत रस नाही त्यांच्यासाठीही सांगते. वायूवर चालणाऱ्या वीज प्रकल्पांत टर्बाइनच्या धुरातला उरलेला ऑक्सिजन वापरून पुन्हा इंधन जाळणारे डक्ट बर्नर असतात. वेगवान प्रवाहात ज्योत टिकवायची विद्या तीच.

आता तुमचं जर्नल काढा

जरा प्रामाणिकपणे सांगा. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय चालतं? सीनियरचं जर्नल फिरत असतं. रीडिंग ‘छापली’ जातात. ग्राफ सरळ रेषेत यायला हवा म्हणून आधी रेषा आणि मग बिंदू. एखाद्यानं खरोखर प्रयोग केला आणि बिंदू भलतीकडे गेला, तर सर म्हणतात, ‘हे चुकलंय, पुन्हा लिहून आण.’ ‘पुन्हा करून आण’ नाही हं, ‘लिहून आण’. फायनल इयरचा प्रोजेक्ट एक्स्टर्नलसमोर चालला तर मार्क, नाही चालला तर व्हायवामध्ये बोंब. मग शहाणी मुलं काय करतात? हमखास चालेल असाच विषय घेतात. काही जण तर रेडिमेड विकत घेतात, त्याची दुकानं सगळ्यांना ठाऊक आहेत.

यात मुलांनाच दोष देणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. ज्या व्यवस्थेत न पेटलेल्या ज्वाळेला शून्य मार्क आहेत, तिथे कोण कशाला काडी ओढेल? चार वर्षं आपण हुशार मुलांना शिकवतो की बिंदू रेषेबाहेर गेला तर तो खोडायचा. मग पाचव्या वर्षी त्यांच्याकडून अपेक्षा करतो की त्यांनी देशासाठी इंजिन बनवावं, जिथे रेषाच त्या बाहेरच्या बिंदूंनी बनते. हा विनोद नाही का?

आणि हो, माझ्या बिरादरीलाही सोडत नाही. चाचणीत काही बिघडलं की आम्ही मथळा देतो ‘फेल’. पेटलं की ‘ऐतिहासिक’. या दोन शब्दांच्या मध्ये जे वीस वर्षांचं काम असतं, त्याला आमच्याकडे शब्दच नाही. कुठल्या उंचीवर चाचणी झाली, कितवी होती, आधीच्या चाचणीपेक्षा काय बदललं, हे प्रश्न पत्रकार परिषदेत क्वचितच येतात. ते यायला हवेत, आणि ते विचारायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

माझी मागणी मोठी नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये काही मार्क फक्त एका गोष्टीसाठी ठेवा. काय चाललं नाही, आणि का, हे ज्यानं नीट नोंदवून समजावून सांगितलं त्याला. कॉलेजच्या लॅबमध्ये एक वही ठेवा, ज्यात फक्त फसलेले प्रयोग लिहायचे आणि पुढच्या बॅचनं ते वाचूनच सुरुवात करायची. याला ना कोटींचं बजेट लागत, ना संरक्षण मंत्रालयाची परवानगी. एचओडींची सही पुरते.

आणि तुम्ही? या सेमिस्टरला एकच करा. एक प्रॅक्टिकल खरं करा. बिंदू रेषेबाहेर गेला तर खोडू नका, त्याला गोल करा आणि बाजूला लिहा, ‘इथे असं झालं.’ सर चिडतील कदाचित. व्हायवाला त्यावरच प्रश्न येईल. येऊ द्या. अख्ख्या जर्नलमध्ये तेवढं एकच पान तुमचं स्वतःचं असेल.